वाऱ्याची डॉक्टरीण

आदिलाबाद
रविवार, दुपार

प्रिय मीनल,

सप्रेम जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकली असशील तर आधीच सांगते, घरी सगळे मजेत आहेत. आईचे गुडघे कुरकुर करतात, पण शेजारच्या लग्नात ती माझ्याआधी जाऊन बसली. आमचे नवरोबा हर्षदीप, तो अजून जैनथच्या तहसील ऑफिसात लोकांच्या दरखास्ती वाचतो आणि घरी येऊन माझ्याशीही दरखास्तीच्याच भाषेत बोलतो. परवा चहा मागताना म्हणाला, अर्जदारास चहा मंजूर व्हावा. आत्ता अंगणात ऊन आहे, कापसाचा एक ट्रक गल्लीत अडकलाय, त्याच्यावरून उडालेले पुंजके आमच्या तारेवरच्या कपड्यांना चिकटलेत, आणि मी पायरीवर बसून तुला लिहितेय. फोन का केला नाही ते सांगते, पण शेवटी. आधी तुला हसवायचंय.

तुला माहीत आहे, माझी पीएच.डी. पावसाळ्यात झाली. चव्वेचाळिसाव्या वर्षी गाऊन घालून फोटो काढताना मला एवढी लाज वाटली, की फोटोत मी कोणाची तरी माफी मागतेय असं दिसतं. कापसाची वेचणी सुरू झाल्यावर विहारात माझा सत्कार ठरला. फ्लेक्सचं काम भगवंतरावकाकांनी अंगावर घेतलं. काका रिटायर झाले तरी त्यांच्यातला कारकून रिटायर झालेला नाही. त्यांनी विषय विचारला. मी सांगितला, पवनचक्कीच्या पात्यांवरील सूक्ष्म तड्यांचे प्रतिमा-विश्लेषण. काकांनी चष्मा काढला. म्हणाले, "पोरी, एवढं लिवलं तं तुह्या फोटोले जागा कुठं राह्यते? अन् पवन म्हनलं तं लोकायले मारुती वाटते. वारं म्हन." फ्लेक्सवाला तेलुगू, त्याला काकांच्या कागदावर जे दिसलं ते त्यानं छापलं. भाजीबाजाराच्या तोंडाशी माझा हसरा चेहरा लागला आणि खाली हातभर अक्षरांत: वाऱ्याच्या डॉक्टर भाग्यश्रीताई यांचे हार्दिक अभिनंदन. कॉलेजातली पोरं मला आधीच 'गाली मेडम' म्हणतात. वाऱ्याला तेलुगूत गाली म्हणतात हे कळल्यावर वरंगळच्या हॉस्टेलात तू पोट धरून हसली होतीस, आठवतं? आता मराठीतही माझं नाव पक्कं झालं. पण आपल्याकडे लकव्यालासुद्धा 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, हे त्या फ्लेक्सखाली उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढच्याच रविवारी दारात ऑटो थांबला. आधी एक बाई उतरली, मग तिनं आतून एका माणसाला काखेत हात घालून उतरवलं. त्याचा उजवा पाय जमिनीवर ओढला जात होता आणि उजवा हात बाहीत नुसता लोंबत होता. बाईचं नाव राहीबाई, जैनथकडच्या एका गावच्या. तो नवरा, खुशालराव. दोघं वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवतात आणि रोज पहाटेच्या ऑटोनं आदिलाबादच्या बाजारात आणून विकतात. खुशालराव बाजारात ओळखले जातात ते जुडी बांधण्यासाठी. डाव्या हातात कोथिंबीर, उजव्या हाताचा एक पीळ, जुडी तयार, पुढे बोला. आईनं त्यांना लगेच ओळखलं, कारण ती कायम त्यांच्याच जुडीशी भांडते. आणि आता तोच हात. राहीबाईंनी चप्पल काढायच्या आधी मला सांगून टाकलं, "मॅडम, यायच्या अंगावरून वारं गेलं जी. बाजारात तुमचा फोटो पाह्यला. मंग म्हनलं, वाऱ्याची डॉक्टरीन आपल्याच आदिलाबादीत हाय, अन् आपुन कायले दूर दूर फिरून राह्यलो?"

मीनल, आधी मला हसू आलं आणि मग ते आलं याचंच इतकं वाईट वाटलं, की मी पाणी आणायला आत पळाले. बाहेर येऊन समजावलं, बाई, मी ती डॉक्टर नाही, मी मशीनची डॉक्टर, ते मोठे पंखे असतात ना डोंगरावर, त्यांची. राहीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पंख्यायले का होते?" मी म्हटलं, त्यांच्या पात्याला बारीक चीर पडते. वर चढून दिसत नाही, म्हणून ड्रोननं फोटो काढतात आणि मी फोटोत चीर शोधते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पिशवीतून सीटी स्कॅनची फिल्म आणि सीडी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "मंग यायच्या डोस्क्याचा फोटो हाय न. याच्यात पाहा चीर." मी म्हटलं, तसं नसतं हो. "काऊन नसते? फोटोच हाय ना? तुमी पाहून तं घ्या. नाई दिसली तं आमी चाल्लो." आई आतून म्हणाली, "पाह्य वं, तुह्या बापाचं का जाते?" खुशालरावांची जीभ जड झाली होती. पण ते डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होते, ती पुन्हा मिटत होती, ते पुन्हा सरळ करत होते.

मी नीट विचारलं तेव्हा हकीकत कळली. ऑटोवर पोती चढवताना वरच्या दांडीवर डोकं आपटलं होतं. टेंगूळ आलं, गेलं, दोघं विसरून गेले. नंतर डोकं दुखायला लागलं, मग खुशालराव गिऱ्हाइकासमोर पेंगायला लागले, मग पाय ओढू लागला. स्कॅन काढला, त्यात काही निघालं नाही. लकवा आहे, मालिश करा, हळूहळू फरक पडेल, असं सांगितलं गेलं. मालिश चाललं होतं, तेलं चालली होती, कोणीतरी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं तेही झालं, आणि फरक पडत होता तो उलट्या बाजूनं.

तर सीडी. माझ्या लॅपटॉपला सीडीची जागाच नाही. जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला, पुसला, सुरू केला. राहीबाई माझ्या खुर्चीला टेकून उभ्या. त्यांचं समाधान व्हावं आणि दोघांनी जेवून घरी जावं, एवढाच माझा हेतू होता. आणि मी त्या चित्रांवर तुझा प्रोग्राम चालवला.

हो, तुझाच. तू विसरली असशील, मी नाही. वरंगळला आपल्या खोलीच्या खिडकीत तू कपड्यांच्या चिमट्यांनी मेंदूचे एक्स-रे, स्कॅन, काय काय टांगून ठेवायचीस. मेसची बाई झाडायला यायची ती त्या कवट्यांना पाहून दारातूनच परत जायची, त्यामुळे आपली खोली वर्षभर आपणच झाडली. मी पवनचक्क्यांत शिरले, तू मेंदूच्या स्कॅनच्या संशोधनात, आणि तू म्हणायचीस, माझ्या चित्रात दोन वेगळ्या गोष्टी एकाच राखाडी रंगाच्या दिसतात, त्या सुट्या करायच्यात. मी विचारलं होतं, रंग एकच असेल तर सुट्या कशा होणार? तू माझ्या ताटातला भात आणि साखर शेजारी शेजारी ठेवून दाखवलीस. रंग नको पाहू भाग्या, शेजार पाहा. प्रत्येक ठिपक्याचे शेजारी कसे बसलेत ते पाहा. पुढे माझंच काम अडलं. पात्यावरची धूळ आणि पात्यातली चीर, दोन्ही फोटोत एकसारख्या. तेव्हा मी तुझ्याकडे प्रोग्राम मागितला. तू म्हणालीस, घेऊन टाक, मला आता काय करायचाय. मी घेतला, प्रबंधात तुझं नाव लिहिलं, तुला पानाचा फोटो पाठवला. तू अंगठा पाठवलास. नुसता अंगठा, मीनल.

त्या दिवशी पडद्यावर आधी सगळं राखाडी होतं, फिल्मवर होतं तसंच. मग प्रोग्राम आपलं काम करून थांबला, आणि कवटीच्या आतल्या कडेला दोन्ही बाजूंनी बीजेच्या चंद्रासारखी एकेक कोर उमटली. डावीकडची जाड, उजवीकडची बारीक. मी डॉक्टर नाही. हे खरं असेल की माझा प्रोग्राम पंख्याच्या सवयीनं इथंही काहीतरी रेखाटतोय, हे मला कळत नव्हतं. राहीबाईंनी पडद्याला बोट लावलं. "हेच ना चीर?" मी खोटं बोलू शकले नाही आणि खरं मला माहीत नव्हतं. एवढंच म्हटलं, मला कळत नाही, पण ज्याला कळतं त्याला आजच दाखवायला हवं.

आमच्या कॉलेजातल्या एका सरांची ओळख होती नागपूरच्या डॉ. वृषालींशी, त्या मेंदूच्या सर्जन. मी चित्र पाठवून फोन केला आणि भीतभीत सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, माणूस पेंगतोय का? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमचं चित्र नंतर बघते. माणूस आणा." हर्षदीपनं गाडी काढली. आईनं भाकरी बांधून दिल्या. पैनगंगेचा पूल ओलांडताना राहीबाईंनी पाण्याला हात जोडले आणि मला म्हणाल्या, "तुमी बी जोडा, तुमच्यात नसन चालत तं मनातल्या मनात." मी मनातल्या मनात कोणाला जोडले ते मलाही सांगता येणार नाही. पुढच्या सीटवर खुशालराव झोपले होते, आणि ती झोप मला आवडत नव्हती. हात परत येईल का, एवढ्या प्रश्नावर आम्ही निघालो होतो. पांढरकवड्याच्या पुढे ते हाकेलाही नीट जागे होईनात, आणि प्रश्न नुसत्या हाताचा राहिला नाही.

नागपूरला पुन्हा स्कॅन झाला. या वेळी प्रोग्राम लागला नाही, साध्या डोळ्यांनाही दिसलं. आपटल्यावर कवटीच्या आत, मेंदूच्या बाहेर, दोन्ही बाजूंनी हळूहळू रक्त साचत गेलं होतं. डॉ. वृषालींनी मला उभ्या उभ्या समजावलं. असं रक्त आधी पांढरं दिसतं, नंतर काळं, आणि मधल्या काही दिवसांत ते अगदी मेंदूच्याच रंगाचं होऊन बसतं. पहिला स्कॅन नेमका त्या दिवसांतला. एका बाजूला असतं तर मेंदू सरकलेला दिसला असता, पण दोन्हीकडून दाब, त्यामुळे तो बिचारा मधोमधच राहिला. चूक कोणाची म्हणायची? तासाभरात खुशालरावांना आत घेतलं. कवटीला लहान भोकं पाडून साचलेलं रक्त काढून टाकायचं, एवढंच ते ऑपरेशन. 'एवढंच' हा शब्द डॉक्टरांचा. राहीबाई बाहेर बाकावर बसून राहिल्या आणि मला म्हणाल्या, "वाऱ्यानं तं नव्हतं झालं मंग." मी म्हटलं, नाही. "बरं झालं तुमच्या बोर्डावर गलत लिवलं." आणि मग त्या आल्यापासून पहिल्यांदा रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वॉर्डात गेलो तेव्हा खुशालराव उशीला टेकून बसले होते, डोक्याला पांढरं मुंडासं, आणि त्यांच्या डाव्या मुठीत राहीबाईंच्या पदराचं टोक. उजव्या हातानं ते त्या पदराला पीळ घालायचा प्रयत्न करत होते. बोटं थरथरत होती, पीळ सुटत होता, पण बोटं त्यांचं ऐकत होती. तिसऱ्या की चौथ्या खेपेला पदराची जुडी झाली. राहीबाई म्हणाल्या, "पुरे करा. आता भाजी समजून इकसान मले." खुशालरावांनी तोंड उघडलं, जीभ अजून थोडी अडखळत होती, पण शब्द स्वच्छ आले: "तुले कोन घेते?" मीनल, सगळा वॉर्ड हसला. पलीकडच्या खाटेवरचे टाके घातलेले काका हसता हसता विव्हळले. नर्सनं आम्हाला बाहेर काढलं. मी जिन्यात बसून हसत होते आणि रडत होते, आणि त्या क्षणी मला फक्त तुला फोन करायचा होता.

केला नाही. कारण मला माहीत होतं काय झालं असतं. मी खुशालरावांचं सांगितलं असतं, तू खूप खूश झाली असतीस, मग मी प्रोग्रामचं नाव काढलं असतं आणि तू विचारलं असतंस, तिकडे थंडी किती आहे गं? गेली कित्येक वर्षं आपल्या दोघींमध्ये आदिलाबादच्या थंडीवर जेवढं बोलणं झालंय तेवढं हवामान खात्यातही होत नसेल. मी तुला कधी अडवलं नाही. अर्पिता वेळेआधी झाली, ते काचेच्या पेटीतले तिचे दिवस, तुझं रोज दवाखान्याच्या बाकावर बसणं, आणि त्यातून ती सुखरूप घरी आल्यावर तू म्हणालीस, आता मला स्कॅन, फिल्म काही बघवत नाही, माझं ते मिटलं. मला ते पटलं होतं. आजही पटतं. नांदेडला तू दहावीच्या मुलांना गणित शिकवतेस, तुझी मुलं तुझ्यावर जीव टाकतात, अर्पिता आता आठवीत तुझ्याहून उंच झालीय. तुझ्या आयुष्यात काही कमी आहे असं मी कधीच म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही.

आता सांगते हे पत्र कशासाठी. खुशालरावांनंतर डॉ. वृषालींनी जुने स्कॅन काढले, नावं झाकून, आणि मला म्हणाल्या, तुमचा प्रोग्राम यांच्यावर चालवून बघू. मी हवेत होते. मग मागच्या आठवड्यात एक खऱ्या पेशंट आल्या, आशाबाई नावाच्या म्हाताऱ्या, तोल जातो म्हणून. मी प्रोग्राम चालवला, आणि पुन्हा दोन्ही बाजूंना कोर उमटली, अगदी तशीच, सुंदर. डॉक्टरांनी आशाबाईंना चालवून पाहिलं, त्यांचा जुना स्कॅन काढला आणि मान हलवली. वयानं मेंदू थोडा आक्रसतो, तिथं पाणी भरतं. रक्त नाहीच. डॉक्टर होत्या म्हणून म्हातारीच्या डोक्याला हात लागला नाही. मी घरी येऊन लॅपटॉपसमोर बसले, आणि मला कळेना की प्रोग्राम आशाबाईंच्या बाबतीत का चुकला. त्याहून वाईट म्हणजे, खुशालरावांच्या बाबतीत तो बरोबर का आला, तेही मला सांगता येईना. पात्यांवर कधी असं होत नाही. मला वारा कळतो, पाती कळतात, डोकं कळत नाही. ते कळणारी मला माहीत असलेली एकच आहे. पीएच.डी.चं, नोकरीचं, मागे राहून गेलेल्या कशाचंच मी विचारत नाहीये. मी अडलेय, आणि उद्या कोणीतरी नवरा-बायको पुन्हा सीडी घेऊन माझ्या दारात येतील तेव्हा मला त्यांना खरं काहीतरी सांगायचंय. पत्रात तुला थंडीची चौकशी करता येत नाही, म्हणून पत्र. येत्या शनिवारी नागपूरला जायचंय. आदल्या दिवशी नांदेडहून आदिलाबादच्या गाडीत बस, मी स्टेशनवर येते, अर्पितालाही आण. तुला स्कॅन बघवले नाहीत तर आपण संत्री घेऊन परत येऊ, तेही चालेल. डॉ. वृषालींना मात्र मी सांगून टाकलंय, आम्ही दोघी येतोय. तुला न विचारता सांगितलंय. नाही म्हणायचं असेल तर त्यांना तूच फोन कर बाई, माझी हिंमत नाही.

तुझी वाट पाहणारी,
तुझीच,
भाग्या